शटर उघडते, पण टिकत नाही: शहरातील दुकानांची पंधरा वर्षे आणि आपला समाज

आपल्या वस्तीत कोणी नवे दुकान काढले की आपण सगळे जातो. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला जातो, त्रिशरण-पंचशील होते, भंतेजी आशीर्वाद देतात, फीत कापली जाते. त्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर दुकानाचे फोटो फिरतात. दोन-अडीच वर्षांनी तेच शटर कायमचे खाली येते तेव्हा मात्र कोणी फोटो काढत नाही. पाटी उतरते आणि गाळ्यावर ‘भाड्याने देणे आहे’ असा कागद लागतो. मग आपल्यातलेच कोणीतरी म्हणते, “आपल्या लोकांना धंदा जमत नाही.”

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात गेल्या पंधरा वर्षांत काय बदलले, कोणती दुकाने उघडली, कोणती बंद पडली आणि त्यात आपली दुकाने कुठे उभी आहेत, हे आम्ही येथे मांडत आहोत. दुकान उघडण्यात आपण आता मागे राहिलेलो नाही. आपले दुकान जुने होत नाही, ही आपली खरी अडचण आहे. आणि ते जुने का होत नाही याचे उत्तर दुकानदाराच्या स्वभावात शोधण्याआधी गाळ्याच्या करारात, बँकेच्या हप्त्यात आणि ठोक व्यापाऱ्याच्या वहीत शोधले पाहिजे.

शहराचा बाजार कसा सरकला

या शहराचा जुना बाजार गुलमंडी, सिटी चौक, सराफा, शहागंज, औरंगपुरा, पैठण गेट या पट्ट्यात आहे. कापड, भांडी, सोने, धान्य, सगळे येथेच. येथील अनेक दुकाने पिढीजात आहेत. सिडको वसले, वाळूज आणि चिकलठाण्यात कारखाने आले, पगारदार वर्ग वाढला आणि बाजार पूर्वेकडे सरकू लागला. कॅनॉट प्लेस, टीव्ही सेंटर, उस्मानपुरा, गारखेडा असे नवे बाजार तयार झाले.

2010 हे वर्ष या शहराच्या बाजारासाठी वळणाचे होते. त्या वर्षी चिकलठाण्याच्या बाजूला प्रोझोन मॉल उघडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शहरातील श्रीमंतांनी एकत्र येऊन 150 मर्सिडीज गाड्या एकाच वेळी खरेदी केल्या. सुमारे 65 कोटी रुपयांची ती खरेदी देशभर गाजली. त्यातली मोठी रक्कम सरकारी बँकेने 7 टक्के व्याजाने कर्जाऊ दिली होती. त्याच काळात आपल्या वस्तीतला एखादा तरुण पन्नास हजारांच्या कर्जासाठी बँकेत जामीनदार शोधत होता. ही आठवण काढतो ती हेवा म्हणून नव्हे. या शहरात भांडवल कमी नव्हते, ते कोणत्या दारात स्वस्तात पोहोचत होते आणि कोणत्या दारात पोहोचतच नव्हते, एवढे लक्षात राहावे म्हणून.

त्यानंतरचे धक्के सगळ्यांना माहीत आहेत. 8 नोव्हेंबर 2016 ची नोटबंदी, 1 जुलै 2017 पासून जीएसटी, मार्च 2020 ची टाळेबंदी. दरम्यान डी-मार्ट आणि रिलायन्ससारख्या साखळी दुकानांनी महिन्याचा किराणा ओढून घेतला. आता मोबाईलवरून मागवलेला माल काही मिनिटांत दारात येतो. ‘ऑल इंडिया कन्झ्युमर प्रॉडक्ट्स डिस्ट्रिब्युटर्स फेडरेशन’ या वितरकांच्या संघटनेने 2024 मध्ये दावा केला की एका वर्षात देशभरात सुमारे 2 लाख किराणा दुकाने बंद पडली. दावा व्यापाऱ्यांच्या संघटनेचा आहे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा. पण आपल्या गल्लीतली किराणा दुकाने मोजली तर दिशा तीच दिसते.

या सगळ्या वादळांत गुलमंडीचे पिढीजात दुकानही हलले. मग फरक कुठे पडला? ते हलले आणि पुन्हा उभे राहिले. आपले हलले आणि संपले.

आकडे काय सांगतात

2005 च्या पाचव्या आर्थिक गणनेत देशातील एकूण आस्थापनांपैकी अनुसूचित जातींच्या मालकीचा वाटा 9.8 टक्के होता. 2013-14 च्या सहाव्या गणनेत वैयक्तिक मालकीच्या आस्थापनांमध्ये तो 11.4 टक्के दिसतो. 2015-16 च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांत तो 12.45 टक्के आहे. तिन्ही मोजण्यांची पद्धत वेगळी आहे, म्हणून त्यांची थेट वजाबाकी करू नये. पण कल स्पष्ट आहे. लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण 16.6 टक्के आहे. वाटा अजून त्याखाली आहे, तरी तो सरकतो आहे. म्हणजे आपले लोक दुकाने आणि छोटे व्यवसाय काढत आहेत.

आता त्याच 2015-16 च्या सर्वेक्षणातला दुसरा आकडा पाहा. सूक्ष्म उद्योगांत अनुसूचित जातींचा वाटा 12.48 टक्के, लघु उद्योगांत 5.50 टक्के आणि मध्यम उद्योगांत शून्य. ही उतरंड आपली सगळी कथा सांगते. टपरीतून गाळा, एका गाळ्यातून दोन गाळे, दोन गाळ्यांतून ठोक व्यापार, ही वाट आपल्यासाठी दुसऱ्याच पायरीवर अरुंद होते आणि तिसऱ्या पायरीवर बंद होते.

एकूण छोट्या व्यवसायांचे चित्रही पाहू. शेती आणि बांधकाम सोडून देशातील अनोंदणीकृत छोटे व्यवसाय 2015-16 मध्ये 6.34 कोटी होते. 2021-22 मध्ये ते 5.97 कोटींवर आले. 2022-23 मध्ये 6.50 कोटी आणि 2023-24 मध्ये 7.34 कोटी झाले. वर्तमानपत्रे याला ‘उभारी’ म्हणतात. आम्ही जरा सावधपणे वाचतो. यातील बहुतेक व्यवसायांत एकही पगारी माणूस नसतो. 2015-16 मध्ये असे व्यवसाय सुमारे 84 टक्के होते. मालक तोच, हमाल तोच, हिशेबनीसही तोच. नोकरी गेली किंवा मिळालीच नाही म्हणून उघडलेले दुकान आणि बाजाराचा अंदाज घेऊन उघडलेले दुकान या आकड्यात एकाच रांगेत उभे असतात.

आपल्या शहरात हे विशेष जाणवते. 2011 च्या जनगणनेनुसार शहराच्या लोकसंख्येत बौद्ध सुमारे 15 टक्के आहेत. 1950 साली बाबासाहेबांनी सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाने आणि नागसेनवनाने येथे शिकलेल्या पिढ्या घडवल्या. त्या पिढ्यांनी सरकारी नोकरी मिळवली आणि घर उभे केले. त्यांची नातवंडे आज स्पर्धा परीक्षांच्या तयारीत तिशी ओलांडतात, भरती निघत नाही, आणि मग वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून दुकान निघते. दुकान हा त्यांचा पहिला पर्याय नव्हता. म्हणून अनुभव शून्य आणि लावलेला पैसा घरातला शेवटचा, अशी सुरुवात होते.

मोजायचेच नाही, असे ठरवले की

दुकान उघडल्याची नोंद कुठेतरी होते. बंद पडल्याची होत नाही. महाराष्ट्रात 1948 चा जुना शॉप ॲक्ट होता तेव्हा लहान दुकानालाही नोंदणी करावी लागे. 2017 च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला केवळ ऑनलाइन सूचना देणे पुरेसे ठरवले. दुकानदाराचा त्रास कमी झाला हे चांगलेच. पण ज्याचे दुकान बुडाले तो ‘माझे दुकान बंद झाले’ अशी सूचना द्यायला कशाला जाईल? उद्यम नोंदणी 2020 मध्ये आली, किरकोळ व्यापाऱ्यांना तिच्यात 2021 मध्ये प्रवेश मिळाला. तिथेही कर्जासाठी नोंद करणारे लाखो, बंद झाल्याचे कळवणारे मोजके. 2019 मध्ये सुरू झालेल्या सातव्या आर्थिक गणनेचे निष्कर्ष तर प्रसिद्धच झाले नाहीत.

परिणाम असा की कोणतेही सरकार ‘इतक्या तरुणांना कर्ज दिले’ असे सांगू शकते. त्यातली किती दुकाने तिसऱ्या वर्षी चालू होती, हे कोणी विचारत नाही. स्टँड अप इंडिया योजना एप्रिल 2016 मध्ये सुरू झाली. तिच्याही जाहिरातीत खात्यांची संख्या असे, मंजूर रक्कम असे. चालू शटरांची संख्या नसे.

अकरा महिन्यांचा करार, साठ महिन्यांचा हप्ता

आता दुकानाच्या आत जाऊन हिशेब करू. समजा, एका तरुणाने मुद्रा योजनेच्या किशोर गटातून 3 लाख रुपये घेतले. व्याज 11 टक्के, मुदत पाच वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे 6,500 रुपये. मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या गाळ्याचे भाडे 9,000 रुपये धरा. वीजबिल 1,500. म्हणजे महिन्याचा ठरलेला खर्च 17,000 रुपये. किराण्यात सरासरी नफा दहा टक्के सुटला असे मानले, तर केवळ हा खर्च भागवायला महिन्याला 1 लाख 70 हजारांची विक्री हवी. दिवसाला साधारण 5,700 रुपये. घरी एक रुपयाही न नेता! गल्लीतल्या पन्नास-साठ घरांच्या भरवशावर चालणाऱ्या दुकानाला हे पेलत नाही.

याच रस्त्यावर शेजारच्या दुकानदाराचा गाळा स्वतःचा आहे आणि माल त्याला महिनाभराच्या उधारीवर मिळतो. त्याला भाडे नाही, हप्ता नाही. त्याचा ठरलेला खर्च 1,500 रुपये. टाळेबंदी आली तर तो शटर ओढून घरी बसू शकतो. पहिल्या दुकानदाराचे मात्र शटर बंद असतानाही भाडे आणि हप्ता चालूच राहतात. दोघांची मेहनत सारखी, डोके सारखे. एक तीस वर्षे टिकतो, दुसरा तीस महिन्यांत संपतो. याला ‘धंदा जमणे’ आणि ‘न जमणे’ म्हणायचे का?

यात एक गोष्ट कोणी फारशी बोलत नाही. कर्जाचा हप्ता 60 महिन्यांचा असतो, पण गाळ्याचा करार 11 महिन्यांचा. जुन्या बाजारातील जुन्या भाडेकरूंना भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे. 1999 च्या कायद्यानुसार त्यांचे भाडे वर्षाला 4 टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही आणि त्यांना सहज काढताही येत नाही. नव्याने येणाऱ्याला मात्र ‘लिव्ह अँड लायसन्स’वर गाळा मिळतो. त्यात मुदत संपली की हक्क संपला. आपले लोक बाजारात उशिरा आले, म्हणून ते जवळजवळ सगळे या दुसऱ्या रांगेत आहेत. दुकान चालू लागले, गिऱ्हाईक बसले की मालक भाडे वाढवतो किंवा स्वतःच्या पुतण्यासाठी गाळा मागतो. दुकान दुसऱ्या गल्लीत न्यावे लागते. गिऱ्हाईक मागे राहते, फर्निचरचा खर्च वाया जातो, हप्ता मात्र बरोबर येतो.

आणि गाळा मिळतानाचे प्रश्न वेगळेच. “कोणत्या गावचे? आडनाव काय?” हे दोन प्रश्न आपल्याला घर भाड्याने घेताना माहीत आहेत. गाळा घेतानाही तेच विचारले जातात. म्हणून आपली बरीच दुकाने आपल्याच वस्तीत किंवा तिच्या तोंडाशी दिसतात. मुकुंदवाडी, मिलिंदनगर, भीमनगर, रमानगर, मिसारवाडी या भागांत फिरून पाहा. तेथे मोबाईल दुरुस्ती, झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज भरून देणारे केंद्र, ब्युटी पार्लर, शिवणकाम, चहा-नाश्ता अशी एकाच प्रकारची दुकाने दाटीने आहेत. एका गल्लीत चार मोबाईल दुरुस्तीची दुकाने निघाली तर दोन बंद पडणारच. जागा निवडण्याचे स्वातंत्र्य नसले की धंदा निवडण्याचेही उरत नाही.

तिसरा गुण

अंगुत्तर निकायात दुकानदारावरच दोन सुत्ते आहेत. ‘पापणिक’ म्हणजे दुकानदार. पहिल्या सुत्तात तथागत सांगतात की सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मन लावून काम न करणाऱ्या दुकानदाराची संपत्ती वाढत नाही. दुसऱ्यात यशस्वी दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. तो ‘चक्खुमा’ असतो, म्हणजे कोणता माल कितीला घ्यावा, कितीला विकावा आणि किती सुटेल हे त्याला दिसते. तो ‘विधुर’ असतो, म्हणजे खरेदी-विक्रीत कुशल. आणि तिसरे, तो ‘निस्सयसंपन्न’ असतो. म्हणजे त्याच्या पाठीशी आधार असतो. सधन गृहस्थ त्याचे कौशल्य आणि वेळेवर परतफेड पाहतात आणि स्वतःहून त्याच्याकडे भांडवल देतात.

अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजच्या कोणत्याही व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवावे असे आहे. मेहनत आणि कौशल्याच्या बरोबरीने ‘निस्सय’, म्हणजे आधार, हा यशाचा स्वतंत्र घटक म्हणून तथागतांनी मांडला. आपल्याला सल्ला देणारे पहिल्या दोन गुणांवर थांबतात. “मेहनत करा, कौशल्य शिका.” तिसऱ्या गुणाचे नाव कोणी काढत नाही.

बाजारात निस्सय म्हणजे उधारी. ठोक व्यापारी ज्याला ओळखतो, ज्याच्या लग्नकार्यात जातो, ज्याच्या मामाला ओळखतो, त्याला तीस दिवसांच्या उधारीवर माल देतो. आपल्या तरुणाला तोच व्यापारी म्हणतो, “रोख द्या, घेऊन जा.” यात कोणी शिवी देत नाही, कोणी जात विचारत नाही, ॲट्रॉसिटीची तक्रार होईल असे काही घडत नाही. पण ज्याच्याकडे 1 लाख रुपये आहेत त्याला उधारी मिळाली तर दोन लाखांचा माल ठेवता येतो आणि आपल्याला एकच लाखाचा ठेवता येतो. गिऱ्हाईक आपल्या दुकानात येऊन म्हणते, “तुमच्याकडे काहीच नसते हो.”

2024 मध्ये प्रतीक राज, थॉमस रूले आणि हरी बापूजी या अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच दुसऱ्या बाजूने दिसते. शिक्षण, जमीन, सामाजिक संपर्क या गोष्टी सारख्या धरल्या तरी दलित व्यावसायिकाचे उत्पन्न इतरांपेक्षा सुमारे 16 टक्क्यांनी कमी राहते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ज्या दुकानाचा नफाच दहा टक्क्यांच्या आसपास आहे तिथे एवढा फरक म्हणजे टिकणे आणि बुडणे यातला फरक.

स्वतः बाबासाहेबांनी हे भोगले. लंडनहून परत आल्यावर, बडोद्याचा कटू अनुभव घेऊन मुंबईत आल्यानंतर त्यांनी शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो बंद करावा लागला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाला धंदा जमत नव्हता, असे कोणी म्हणेल काय?

टाळेबंदी आणि बुलडोझर

आपल्या समाजाचा एक स्वतःचा हंगामी बाजार आहे. 14 जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठ गेटवर, 14 एप्रिलला क्रांती चौकापासून भडकल गेटपर्यंत, धम्मचक्र प्रवर्तन दिनी लेण्यांच्या पायथ्याशी पुस्तके, मूर्ती, दिनदर्शिका, निळे झेंडे, पांढरे कपडे यांचे स्टॉल लागतात. अनेक छोट्या विक्रेत्यांची वर्षाची कमाई या चार-पाच दिवसांत होते. 14 एप्रिल 2020 देशव्यापी टाळेबंदीत गेला. 14 एप्रिल 2021 राज्याच्या कडक निर्बंधांत गेला. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीची गर्दीही त्या काळात थांबली. आपण घरी राहून जयंती साजरी केली, ते योग्यच केले. पण त्या दोन वर्षांत छापून ठेवलेल्या पुस्तकांचे आणि आणून ठेवलेल्या मूर्तींचे पैसे ज्यांचे अडकले, त्यांची विचारपूस किती जणांनी केली? शिवाय या शहराने जुलै 2020 मध्ये 10 ते 18 तारखेपर्यंत आणखी एक कडक संचारबंदी पाहिली.

2025 च्या जूनमध्ये दुसरा घाव बसला. मुकुंदवाडीत महापालिकेने एका दिवसात दोनशेहून अधिक बांधकामे पाडली. त्यात मोठ्या संख्येने दुकाने होती. पुढच्या आठवड्यांत जालना रोड, बीड बायपास, पैठण रोड, पडेगाव अशा रस्त्यांवर ही मोहीम फिरली. रस्ते रुंद व्हावेत, याला आमचा विरोध नाही. पण एप्रिल 2020 पासून पाच वर्षांहून अधिक काळ महापालिकेत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक निर्णय घेणार, प्रशासकच अंमल करणार, दुकानदाराने जायचे कुणाकडे? आणि मोबदल्याची चर्चा झाली तरी ती जागेच्या मालकाभोवती फिरते. भाड्याच्या गाळ्यात ज्याचे काऊंटर, फ्रीज आणि चार वर्षांचे गिऱ्हाईक होते, त्याच्याकडे नोंदणीकृत करारही नसतो. कागदावर तो तेथे कधी नव्हताच!

आपल्या बाजूच्या चुका

आता स्वतःकडेही पाहू. आपण मॉलमध्ये रोख देतो आणि आपल्या माणसाच्या दुकानात उधारी मागतो. तीच उधारी तीन-तीन महिने देत नाही, आणि त्याने मागितली की “आपलाच असून असा वागतो” म्हणतो. ठोक व्यापारी आपल्याला उधार देत नाही आणि आपण आपल्या दुकानदाराला उधारीत बुडवतो. मधल्यामध्ये तो संपतो.

दुसरे, वर्गणी. जयंती आली की एका दुकानदारासमोर पाच-सहा पावती पुस्तके येतात. नकार दिला तर तो ‘समाजापासून तुटलेला’ ठरतो. जयंती थाटात झाली पाहिजे, पण नुकत्याच उघडलेल्या दुकानावर तिचा भार नको.

तिसरे, दुकानाकडे पाहण्याची नजर. मुलगा दुकान चालवतो असे सांगताना आपल्या घरात आवाज खाली येतो. “सध्या दुकान आहे, परीक्षा देतोय,” असे सांगितले जाते. पापणिक सुत्तातले पहिले वचन येथे लागू पडते. सकाळ, दुपार, संध्याकाळ ज्याचे मन दुकानात नाही त्याचे दुकान वाढत नाही. आणि सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि एक अडचणीच्या दिवसांसाठी ठेवायला सांगितले आहे. गल्ल्यातला पैसा घरखर्चाला आणि घरचा पैसा मालाला, असा गोंधळ आपल्या बहुतेक दुकानांत आहे. दोन वह्या वेगळ्या ठेवणे हे फुकट करता येण्यासारखे काम आहे.

काय करता येईल

आमच्या पिटलखोऱ्याच्या लेण्यांतल्या खांबांवर दानलेख कोरलेले आहेत. कन्नड तालुक्यातल्या या लेण्यांना पैठणच्या एका सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या कुटुंबाने खांब दान दिला. तो दुकानदारच होता. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख त्याहून पुढची गोष्ट सांगतो. उषवदाताने भिक्खूंच्या गरजांसाठी 3,000 कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. 2,000 एका श्रेणीकडे महिना एक टक्का व्याजाने, 1,000 दुसरीकडे पाऊण टक्क्याने. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. एकटा विणकर ठेव घेऊ शकत नव्हता, श्रेणी घेऊ शकत होती. निस्सय उभा करण्याची ही आपलीच जुनी रीत आहे. त्या धर्तीवर आम्हाला पाच कामे सुचतात.

एक, दुकानगणना. प्रत्येक विहाराने आपल्या परिसरातील आपल्या लोकांच्या दुकानांची वही करावी. कधी उघडले, गाळा कोणाचा, करार किती महिन्यांचा, कर्ज किती, बंद झाले असेल तर कशामुळे. दर 14 एप्रिलला ती पुन्हा तपासावी. तीन वर्षांत आपल्याकडे जे सरकारकडे नाही ते असेल.

दोन, करार. गाळा घेताना कर्जाच्या मुदतीइतका, म्हणजे पाच वर्षांचा करार मागावा आणि तो नोंदणीकृत करावा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. आपल्यातील वकिलांनी एक साधा मराठी मसुदा तयार करून विहारात ठेवावा. जयंतीच्या दहा भाषणांपेक्षा त्या मसुद्याने अधिक दुकाने वाचतील.

तीन, एकत्र खरेदी. दहा किराणा दुकानांनी मिळून मोंढ्यातून माल उचलला तर भाव कमी पडतो आणि ठोक व्यापाऱ्याशी बोलणी करण्याची ताकद येते. सहा महिने वेळेवर पैसे दिले की उधारी आपोआप सुरू होते. महिलांच्या बचत गटांनी हे पापड-मसाल्यात करून दाखवले आहे.

चार, योजना पुरत्या वापरणे. स्टँड अप इंडियात 2025 पर्यंत 10 लाख ते 1 कोटीपर्यंतचे कर्ज मिळत असे आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध अर्जदारांसाठी राज्याचा सामाजिक न्याय विभाग 15 टक्के मार्जिन मनी देत असे. स्वतःचे 10 टक्के लागत. 1978 मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ बीजभांडवल देते. पण कर्ज घेण्याआधी वर केलेला हिशेब स्वतःच्या दुकानासाठी कागदावर करावा. दिवसाची विक्री जमत नसेल तर गाळा लहान घ्यावा किंवा थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही.

पाच, टपरी-हातगाडीवाल्यांचे संरक्षण. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिल्याशिवाय विक्रेत्याला उठवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात. आपल्या कार्यकर्त्यांनी या समितीत आपली माणसे आहेत का, हे महापालिकेत जाऊन विचारावे. बुलडोझर आल्यावर रस्त्यावर बसण्यापेक्षा हे काम आधी करायचे आहे.

ही कामे मोठी नाहीत. त्यांना मंत्री लागत नाही, व्यासपीठ लागत नाही. एक वही, एक वकील आणि दर रविवारचा एक तास लागतो. विहारात वंदनेनंतर आपण बसतोच, त्या तासाला हा विषय घ्यावा.

पुढच्या वेळी वस्तीत नवे दुकान उघडेल तेव्हा हार घेऊन जाऊच. पण दुकानदाराला बाजूला घेऊन विचारू: करार किती महिन्यांचा आहे? आणि तीन वर्षांनी त्याच तारखेला पुन्हा त्याच्या दारात जाऊ. शटर वर असेल तर त्या दिवशीचा फोटो काढू.

जय भीम. नमो बुद्धाय.